थांबण्याचे अंतर : गती, बल आणि विहारमार्ग

चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. चार महिने एका क्षेत्री स्थिर राहिलेले संघ पुन्हा मार्गस्थ होतात आणि पुढचे आठ महिने महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, कर्नाटक येथील रस्त्यांवरून अनवाणी पावलांनी चालत राहतात. ही परंपरा प्राचीन आहे. रस्ते मात्र नवे आहेत. ज्या वाटेवर एके काळी बैलगाडी आणि सायकल एवढीच वाहने भेटत, ती वाट आज चौपदरी, सहापदरी झाली आहे. मुंबई-अहमदाबाद आणि पुणे-सातारा-कोल्हापूर हे दोन्ही टप्पे ज्यावर येतात, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून साध्वीजींचा संघ चालत असतो आणि हातभर अंतरावरून भरलेले ट्रक निघून जात असतात.

विहारात असताना वाहनाच्या धडकेने साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता गेल्या काही वर्षांत आपण वारंवार ऐकल्या. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ३२,८०० जण पायी चालणारे होते. अशी वार्ता आली की समाजात हळहळ व्यक्त होते, निवेदने दिली जातात, चालकाला दोष दिला जातो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो : धावणाऱ्या वाहनाला थांबायला जागा किती लागते? या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातल्या नववीच्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात, गतीच्या नियमांच्या प्रकरणात दडलेले आहे. ते काढून पाहण्यासारखे आहे. कारण रस्त्याच्या कडेने चालणारे आपले आहेत, आणि भरधाव येणाऱ्या ट्रकमधला मालही पुष्कळदा आपलाच असतो.

ताशी साठ म्हणजे सेकंदाला किती?

वाहनाच्या काट्यावर आकडा दिसतो तो ताशी किलोमीटरचा. अपघात मात्र तासात घडत नाही, तो सेकंदात घडतो. म्हणून पहिले काम मापे बदलण्याचे. ताशी किलोमीटरच्या आकड्याला पाचाने गुणून अठराने भागले की दर सेकंदाला किती मीटर अंतर कापले जाते ते मिळते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ताशी ८० म्हणजे २२ मीटरांहून थोडे अधिक. ताशी १०० म्हणजे जवळजवळ २८ मीटर. डोळ्यांची एक उघडझाप होईपर्यंत ताशी ८०च्या मोटारीने आपल्या दुकानाच्या लांबीइतके अंतर मागे टाकलेले असते.

शाळेच्या पुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ हे शब्द वेगळे आहेत. किती झपाट्याने ही चाल. किती झपाट्याने आणि कोणत्या दिशेने, हा वेग. येथे आपल्याला सरळ रस्त्याचाच विचार करायचा असल्याने व्यवहारातला ‘वेग’ हा शब्द पुरेसा आहे.

थांबण्यालाही कारण लागते

गाडी ढकलणे बंद केले की ती थांबते, हा आपला नित्याचा अनुभव. त्यावरून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने असे मानले, की हालचाल टिकवण्यासाठी सतत काहीतरी ढकलत राहिले पाहिजे. स्थिर राहणे ही जड वस्तूंची मूळची अवस्था. सुमारे दोन हजार वर्षे युरोपात हेच मत प्रचलित होते. इटलीच्या गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून काळजीपूर्वक मोजमापे केली आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती मांडली. फळी जितकी गुळगुळीत, तितका गोळा अधिक दूर जातो. मग घर्षण अजिबात नसेल तर तो थांबावाच कशासाठी? पुढे १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात हा विचार नियमाच्या रूपाने मांडला : बाहेरून असंतुलित बल लागले नाही, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात.

जैन तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना येथे षड्द्रव्यांतील धर्म आणि अधर्म ही द्रव्ये आठवतील. गतीला जसे सहकारी निमित्त लागते, तसेच स्थितीलाही लागते, असा विचार आपल्या आचार्यांनी स्वतंत्रपणे केला. माशाला पाणी आणि पांथस्थाला सावली हे त्यासाठीचे दृष्टांत परिचित आहेत. मात्र अधर्मद्रव्य म्हणजे ब्रेकचे बल, अशी गल्लत करू नये. ते द्रव्य कोणाला ओढत नाही, ढकलत नाही; ते उदासीन निमित्त आहे. न्यूटनचे बल मात्र मोजता येणारा जोर आहे. दोन्ही विचारांची भूमी निराळी. तरीही ‘थांबणे आपोआप घडते’ हा समज दोन्हीकडे टिकत नाही, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय? दहा टन माल भरलेला ट्रक एकदा ताशी साठच्या वेगाला आला, की पुढे जात राहणे हा त्याचा स्वभाव होतो. त्याला थांबवण्याचे काम कोणीतरी करावे लागते, आणि ते काम करणारा एकच आहे : टायर आणि रस्ता यांच्यामधले घर्षण. चालक ब्रेक दाबतो तेव्हा चाकाची फिरत मंदावते, टायर रस्त्याला पुढे ढकलू लागतो आणि रस्ता टायरला तितक्याच जोराने मागे ढकलतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध, हा न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. वाहनाला अखेर रस्ता थांबवतो. म्हणून पावसाचे पाणी, सांडलेले तेल, वाळूचा थर किंवा गुळगुळीत झालेला टायर मध्ये आला, की ब्रेक उत्तम असूनही वाहन घसरत जाते.

अंतराचे दोन हिस्से

समजा, चालकाला पुढे रस्त्यावर माणूस दिसला. त्या क्षणापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंतच्या अंतराचे दोन हिस्से पडतात.

पहिला हिस्सा मनाचा. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ओळखले, पाय ब्रेककडे गेला, या सगळ्याला सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. या दीड सेकंदात वाहनाचा वेग तसूभरही कमी झालेला नसतो. ताशी ६० किलोमीटरला एवढ्या वेळात २५ मीटर अंतर जाते. झोप अपुरी असेल, हातात मोबाईल असेल, तर दीडाचे अडीच सेकंद व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा हिस्सा ब्रेकचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरची मोटार पूर्ण ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला आपला वेग सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करू शकते. वेगातल्या अशा बदलाच्या दराला त्वरण म्हणतात. येथे ते उलट दिशेचे आहे. या हिशेबाने ताशी ६०च्या मोटारीला ब्रेक लागल्यानंतर आणखी २० मीटर लागतात.

दोन्ही हिस्से मिळून निरनिराळ्या वेगांना लागणारे एकूण अंतर असे येते :

ताशी ४० किलोमीटर : १७ मीटर विचाराचे, ९ मीटर ब्रेकचे, एकूण सुमारे २६ मीटर.
ताशी ६० किलोमीटर : २५ आणि २०; एकूण सुमारे ४५ मीटर.
ताशी ८० किलोमीटर : ३३ आणि ३५, एकूण सुमारे ६९ मीटर.
ताशी १०० किलोमीटर : ४२ आणि ५५, एकूण सुमारे ९७ मीटर.

पाऊस पडलेला असेल तर पकड बरीच कमी होते. ब्रेकची पकड ७ ऐवजी ४ धरली, तर ताशी ८०ला एकूण अंतर ६९ वरून ९५ मीटरवर जाते.

दुप्पट वेग, चौपट ऊर्जा

वरच्या आकड्यांत एक गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. विचाराचे अंतर वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर अंतर दुप्पट. ब्रेकचे अंतर मात्र तसे वाढत नाही. ताशी ४०ला ते ९ मीटर होते, ताशी ८०ला ३५ मीटर झाले. वेग दुप्पट झाला आणि अंतर चौपट झाले.

याचे कारण गतिज ऊर्जेत आहे. गतिमान वस्तूजवळ साठलेली ही ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळते. वर्ग म्हणजे काय, हे फरशीच्या हिशेबाने चटकन समजते. दहा फूट लांब-रुंद खोलीला फूटभर मापाच्या शंभर फरशा लागतात; वीस फूट लांब-रुंद खोलीला दोनशे नव्हे, चारशे लागतात. वेगाचेही असेच. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि घर्षणाचे बल तेवढेच असल्याने ती ऊर्जा संपवायला त्याला चौपट अंतर लागते.

याचा परिणाम किती भयंकर असतो, ते एका उदाहरणाने पाहू. दोन मोटारी शेजारी-शेजारी चालल्या आहेत. एक ताशी ६०ने, दुसरी ताशी ८०ने. दोघींच्या चालकांना ४५ मीटरवर रस्ता ओलांडणारी व्यक्ती एकाच क्षणी दिसते. दोघेही सारखेच सावध, ब्रेक सारखेच उत्तम. साठची मोटार त्या व्यक्तीच्या पुढ्यात येऊन थांबते. ऐंशीची मोटार कितीवर असेल? बहुतेकांचा अंदाज असतो, फरक वीसचा म्हणून ती त्या क्षणी वीसने जात असेल. प्रत्यक्ष हिशेब निराळा आहे. तिचे ३३ मीटर विचारातच गेले. ब्रेकसाठी उरले जेमतेम १२ मीटर. त्या जागी तिचा वेग अजून ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास असतो. एकीकडे थोडक्यात चुकलेला अपघात, आणि दुसरीकडे ज्यातून पायी चालणारा माणूस बहुधा वाचत नाही असा आघात.

हे वीस किलोमीटर वाढवून मिळवले काय? वीस किलोमीटरच्या टप्प्यात साठच्या वेगाला वीस मिनिटे लागतात, ऐंशीच्या वेगाला पंधरा. पाच मिनिटांचा नफा.

चार हात आणि दीडशे हात

साधूंच्या आचारात ईर्यासमितीला फार मोठे स्थान आहे. चालताना पुढची युगप्रमाण, म्हणजे साधारण चार हात भूमी पाहत, जीवजंतूंना पीडा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असा हा नियम. हात म्हणजे दीड फूट. चार हात म्हणजे सहा फूट, सुमारे १.८ मीटर. आता गतीच्या दृष्टीने याकडे पाहा. शांतपणे चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. पुढे मुंगी दिसली, ती ओळखून पाऊल आवरायला एक सेकंद धरला, तरी तो चार हातांच्या आत थांबतो. तोच माणूस धावू लागला तर सेकंदाला तीन-साडेतीन मीटर जाईल, आणि चार हातांवर दिसलेली मुंगी पायाखाली येईल. म्हणजे पाहण्याचे अंतर आणि चालण्याचा वेग यांची जोडी आहे. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, हे त्या जोडीचे सार.

आचार्यांनी हा नियम यंत्रांसाठी सांगितला नव्हता. त्यामागे जीवदयेची दृष्टी होती, आणि त्यात न्यूटनचे नियम शोधण्याचे कारण नाही. परंतु ज्या विवेकातून तो नियम आला, तोच विवेक वाहनाला लावला तर आकडे काय येतात, ते पाहण्याजोगे आहे. ताशी ८०च्या मोटारीला थांबायला ६९ मीटर, म्हणजे दीडशे हात लागतात. ताशी १००ला दोनशे हातांहून अधिक. चालणाऱ्याला चार हात पाहणे पुरते. मोटारीच्या चालकाला दीडशे हात मोकळे आणि स्पष्ट दिसत असले पाहिजेत. तसे दिसत नसतील, तर त्याचा वेग त्या जागेसाठी जास्त आहे. रस्त्यावरच्या पाटीवर कितीही मोठा आकडा लिहिलेला असो.

रात्री आणि पहाटे नेमके हेच घडते. समोरून वाहन आले की चालक दिवा डिपरवर घेतो, आणि तेव्हा त्याला कामापुरते दिसते ते सुमारे ४०-५० मीटर. ताशी ८०ने जाताना पन्नास मीटरवर कोणी दिसले, तर ब्रेक दाबूनही मोटार त्या जागेपर्यंत जवळजवळ ताशी ५८ किलोमीटरच्या वेगाने पोचते. थंडीच्या दिवसांत धुके असते, उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी मुक्काम गाठायचा असतो. विहाराचा आरंभ पुष्कळदा अशा अंधुक वेळीच होतो. चालकाने ‘महाराज दिसलेच नाहीत’ असे सांगितले, तर ते खोटे असेलच असे नाही. दिसले तेव्हा थांबण्याइतकी जागा उरलेली नव्हती, हा त्याचा खरा अर्थ.

धडकेत बल समान, परिणाम असमान

येथे तिसऱ्या नियमाची दुसरी बाजू येते. ट्रक माणसाला धडकतो तेव्हा ट्रक माणसावर जेवढे बल लावतो, तेवढेच बल माणूस ट्रकवर लावतो. ऐकायला विचित्र वाटते, पण ते खरे आहे. मग ट्रकला काहीच का होत नाही? कारण न्यूटनचा दुसरा नियम : बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. पंधरा टनांचा ट्रक आणि साठ किलोंचा माणूस यांच्या वस्तुमानात अडीचशे पटींचा फरक आहे. सारख्याच बलाने माणसाच्या वेगात होणारा बदल ट्रकच्या वेगातील बदलाच्या अडीचशे पट असतो. ट्रकला जाणवेल न जाणवेल असा धक्का, आणि माणसाचे शरीर क्षणात ट्रकच्या वेगाने फेकले जाते. रस्त्यावरची सगळी जबाबदारी अधिक वस्तुमान आणि अधिक वेग असणाऱ्याकडे का जाते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

दर्शनाला निघालेल्या आपल्या कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. ताशी ६०ने जाणारी मोटार कशावर तरी आदळून थांबली, तर पट्टा न बांधलेला माणूस जडत्वामुळे साठनेच पुढे जातो. तो आघात सुमारे १४ मीटरांवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीहून थोड्या अधिक उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. मांडीवर घेतलेले दहा किलोंचे बाळ ‘आपण घट्ट धरू’ असे आईला वाटते. मोटारीचा पुढचा भाग अर्धा मीटर चेपून ती थांबली, तर तेवढ्या वेळात त्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे २८० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. पावणेतीन क्विंटलचे पोते कोणाच्या हातात राहते? म्हणून मागच्या आसनावरही पट्टा बांधायचा आणि बाळासाठी वेगळे आसन ठेवायचे. मागच्या आसनावरचा पट्टा तर नियमानेही बंधनकारक आहे.

माल, घाट आणि मालक

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. वस्तुमान वाढले की गतिज ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. ट्रकचे ब्रेक मात्र ठरावीक भारासाठी बनवलेले असतात. पोती वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत. क्षमतेपेक्षा सव्वापट भार घातला आणि ब्रेकचा जोर तेवढाच राहिला, तर ब्रेकचे अंतरही सव्वापट होते. मुळातच भरलेला ट्रक मोटारीपेक्षा संथपणे थांबतो. शिवाय त्याचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि तो दाब चाकांपर्यंत पोचायलाही क्षणभर लागतो. मोटारीला ताशी ६०ला ४५ मीटर लागतात. ट्रकला ते अंतर सहज साठ मीटरच्या घरात जाते.

घाटात हा हिशेब आणखी कठीण होतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना जवळजवळ पाचशे मीटर उंची कमी होते. वीस टनांचा ट्रक एवढे उतरतो तेव्हा जी ऊर्जा मुक्त होते, ती सुमारे तीनशे लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. एवढी उष्णता केवळ ब्रेकने झेलायची ठरवली, तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा धडा. इंजिन स्वतः वाहनाला आवरते आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवणारा चालक मालकाचे दोन-तीनशे रुपये वाचवतो आणि उतारावरच्या सर्वांचे प्राण पणाला लावतो.

माल बांधण्याचाही संबंध जडत्वाशीच आहे. ब्रेक लागला की ट्रक थांबू लागतो, पण सैल ठेवलेले पाइप, लोखंडी पत्रे किंवा कापडाच्या गाठी पुढेच जात राहतात आणि केबिनवर आदळतात. दोर घट्ट आवळणे हे हमालाच्या मर्जीवर सोडण्याचे काम नव्हे.

कायद्याची भाषा येथे लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९च्या दुरुस्तीनंतर, जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये द्यावे लागतात. ही जबाबदारी वाहन चालवणाऱ्यावर आहे, चालवायला लावणाऱ्यावर आहे आणि तसे चालवू देणाऱ्यावरही आहे. कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याच्या कृतीला संमती दिलेले, या तिन्हींचा आस्रव आपल्याकडे येतो, असे आपण मानतो. ‘दोन टन जास्त टाक, कोणी बघत नाही’ हे वाक्य कारिताचे आहे. ‘काहीही कर, पण पहाटे सहाला माल गोदामात पाहिजे’ हेही कारिताचेच आहे. कारण त्या वाक्याने चालकाची झोप घेतली, त्याचा वेग वाढवला आणि थांबण्याचे अंतर दीडपट केले. आणि तक्रार न करता वेळेआधी आलेला माल उतरवून घेणे, हे अनुमोदन.

काय करता येईल

विहारमार्गावर श्रीसंघाने आणि युवक मंडळांनी काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. साधू-साध्वी दिवा वापरत नाहीत. त्यामागे अग्निकायाच्या जीवांची विराधना टाळण्याची भूमिका आहे. चमकणारे जाकीट त्यांनी घालावे, अशी अपेक्षाही योग्य नाही. दिगंबर मुनींच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून दिसण्याची जबाबदारी सोबत चालणाऱ्या श्रावकांनी घ्यायची आहे. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घातलेले दोन श्रावक संघाच्या पुढे आणि दोन मागे, रस्त्याच्या बाजूला चालले, तर मोटारीच्या दिव्यात ते दीडशे मीटरांपलीकडूनही दिसतात. त्या पट्ट्यांमधले सूक्ष्म मणी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे त्या चालकाच्याच डोळ्यांत चमकतात. दीडशे मीटरवर दिसले, तर ताशी १००च्या मोटारीलाही थांबायला जागा उरते.

संघाने शक्यतो रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. पाठीमागून येणारे वाहन आपल्याला दिसत नाही. समोरचे दिसते आणि दोन पावले बाजूला होता येते. एका ओळीत चालावे. वळणावर, पुलावर आणि उताराच्या पायथ्याशी थांबू नये. पूर्ण उजाडेपर्यंत प्रस्थान लांबवता येत असेल, तर श्रावकांनी आधीच्या मुक्कामाची व्यवस्था अशी करावी की पुढचा टप्पा लहान राहील. दहा-बारा किलोमीटरवर उपाश्रय किंवा विहारधाम उपलब्ध असेल, तर अंधारात निघण्याची निकड बरीच कमी होते. दानाला याहून चांगले क्षेत्र शोधावे लागू नये.

पेढीवर आणि गोदामात मालकांनी तीन गोष्टी लेखी ठेवाव्यात. वाहनाच्या कागदावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा किलोभरही जास्त माल भरला जाणार नाही. माल पोचवण्याची वेळ ठरवताना ताशी ५०चा हिशेब धरला जाईल आणि चालकाच्या विश्रांतीचे तास त्यात मोजले जातील. उशीर झाला म्हणून भाड्यातून पैसे कापले जाणार नाहीत. ज्याच्याकडे स्वतःची वाहने आहेत त्याने टायर आणि ब्रेक यांची तपासणी दिवाळीच्या वहीपूजनाइतकीच न चुकता करावी.

आणि घरात, नववीच्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवावे. पाचाने गुणून अठराने भागायला सांगावे, दीड सेकंदाचे अंतर काढायला सांगावे, मग ब्रेकचे अंतर मिळवायला सांगावे. त्या आकड्याला अंगणात पावले टाकून मोजावे. ताशी ८०चे अंतर मोजायला निघालेले मूल फाटकाबाहेर जाईल, शेजारच्या दोन-तीन घरांच्या पुढे जाईल, आणि तेथे उभे राहून मागे वळून पाहील. पुढे ते स्वतः वाहन चालवू लागेल, तेव्हा पहाटेच्या धुक्यात, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पांढऱ्या वस्त्रांसाठी त्याचा पाय वेळेवर ब्रेककडे जाण्यास ही संध्याकाळ उपयोगी पडेल.

जय जिनेंद्र.